एअर-कूल्ड बीच बग्गीची घरच्या घरी दुरुस्ती : ताकद वाढवण्याआधी काय करावे?

टॉर्कपाना (धागालेखक)

नमस्कार. फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर फायबरग्लासची उघडी बॉडी बसवून तयार झालेल्या बग्ग्यांना आता पन्नास-साठ वर्षे होत आली आहेत. त्यांपैकी बहुतेक गाड्यांवर मूळ घडणीपेक्षा नंतरच्या मालकांनी केलेले फेरफारच जास्त दिसतात. माझ्याकडे आलेली बग्गीही तशीच आहे. इंजिन मोठे आणि कार्ब्युरेटर दोन, पण बॅरलखालचे (म्हणजे सिलिंडरच्या नळ्यांखालचे) पत्रे गायब, ब्रेक मूळ ड्रमचे आणि इंधनाची रबरी नळी हाताने दाबली तर तडे दिसतील अशी. हे काम घरच्या घरी कोणत्या क्रमाने करावे याविषयी माझे ठाम मत आहे, ते मांडतो. ज्यांनी अशा गाड्या उघडल्या आहेत त्यांनी भर घालावी आणि मतभेद असल्यास तेही लिहावेत.

माझे मत असे की हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ताकद वाढवण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. आधी चासी, मग ब्रेक व स्टिअरिंग, त्यानंतर इंजिनाभोवतीचा हवेचा मार्ग, वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या, आणि एवढे झाल्यावर अश्वशक्तीचा विचार.

यामागचे कारण गाडीच्या जन्मातच आहे. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली 'मायर्स मँक्स' तयार केली. ते बोटींच्या फायबरग्लासच्या कामात मुरलेले होते आणि पहिल्या गाडीची बॉडीच त्यांनी चासीसारखी भार पेलणारी केली होती. ती पद्धत महाग पडू लागल्यावर पुढची किट बीटलच्या कापून आखूड केलेल्या फ्लोअरपॅनवर (चासीच्या तळपत्र्यावर) बसू लागली. बीटलच्या दोन आसांमधले अंतर ९४.५ इंच असते, त्यातून सुमारे १४ इंच कमी केले जात. १९६७ मध्ये बाहा द्वीपकल्पावरची 'मेक्सिकन १०००' ही शर्यत मँक्सने जिंकली. या गाडीचे खरे बळ तिच्या हलकेपणात होते. बीटलपेक्षा सुमारे दोनशे किलोंनी हलक्या असलेल्या गाडीला १६०० सीसीच्या इंजिनाची ५० च्या आसपासची अश्वशक्तीसुद्धा चपळ करते. त्यामुळे मूळ इंजिन नीट चालत असेल, तर ते कमी पडते असे सहसा वाटत नाही. कमी पडतात ते ब्रेक, आणि चुकीच्या जुळणीमुळे थंड हवा.

चासीपासून सुरुवात करू. बॉडी उचलल्याशिवाय फ्लोअरपॅनची खरी अवस्था कळत नाही. बॅटरी मागच्या आसनाखाली उजवीकडे असते आणि तिच्या आम्लामुळे तिथला पत्रा सर्वांत आधी जातो. दुसरी जागा म्हणजे पुढचा भाग, जिथे पुढच्या सस्पेंशनच्या दोन आडव्या नळ्या चार बोल्टांनी बसतात. तिथला गंज रंगाखाली लपतो, म्हणून हातोडीच्या टोकाने ठोकून आवाज ऐकावा. तिसरी आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे मधला बोगदा. त्यातून गिअरचा दांडा, क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबलींच्या नळ्या, हँडब्रेकच्या केबली आणि इंधनाची नळी एवढे सगळे जाते. चासी आखूड करताना कोणी या नळ्या नीट जोडल्या नसतील, तर क्लचची केबल आत घासत राहते आणि वर्षभरात तुटते. केबल नवी टाकायची आणि ती पुन्हा तुटायची, हे चक्र चालू असेल तर दोष केबलचा नसून बोगद्यातल्या जोडाचा आहे असे समजावे. बोगद्याबाहेर गिअरबॉक्सपाशी क्लच केबलची जी लवचीक नळी असते, तिला २५ ते ४५ मिलिमीटरचा झोल हवा. ती सरळ ताणलेली असेल तर क्लच थरथरत पकडतो.

कापण्या-जोडण्याआधी एक गोष्ट अवश्य करावी. चासी क्रमांक बोगद्यावरच, मागच्या आसनाखाली कोरलेला असतो. त्याची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत, तो भाग घासू नये आणि कापलेल्या चासीच्या नोंदणीबाबत आपापल्या ठिकाणचे नियम आधी पाहून घ्यावेत.

आता इंजिनाभोवतीची हवा. माझ्या मते हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

या इंजिनात पाणी नाही, पण एक शिस्तबद्ध हवेची वाट आहे. डायनॅमोच्या शाफ्टवरचा पंखा हवा ओढतो, वरचे पत्र्याचे मोठे आवरण ती दोन्ही बाजूंच्या बॅरलांवर आणि हेडांवर वाटते, बॅरलांभोवतीचे पत्रे तिला बॅरलवरच्या धातूच्या पातळ पंखांच्या (फिनच्या) फटींतूनच जायला भाग पाडतात आणि खालचे पत्रे ती गरम झालेली हवा बाहेर काढतात. यातला एक पत्रा काढला तरी हवा सोप्या वाटेने निसटते, आणि हेडाच्या ज्या भागाला तिची सर्वांत जास्त गरज आहे तोच भाग कोरडा राहतो. इंजिन उघडे आहे, त्यामुळे वाऱ्यानेच थंड होईल, हा समज बग्गीच्या बाबतीत फार नुकसान करतो. गाडीच्या मागे फिरणारा वारा बॅरलच्या पंखांत शिरत नाही, तिथे दाबाने ढकललेली हवाच लागते.

बग्गीत हीटरची गरज नसल्यामुळे एक्झॉस्टच्या उष्णतेने हवा तापवणारे हीट एक्स्चेंजर काढून एक्झॉस्टच्या साध्या वळणदार नळ्या बसवतात. त्यात काही वावगे नाही, पण वरच्या आवरणाच्या दोन बाजूंना हीटरसाठी हवा देणारी जी दोन तोंडे असतात, ती मग बंद करावी लागतात. माझ्या गाडीत ती दोन्ही उघडी होती, म्हणजे थंड करण्यासाठी ओढलेली हवा सरळ बाहेर फुंकली जात होती. पुशरॉडच्या (व्हाल्व हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांखाली बसणारे खालचे पत्रे आणि दोन बॅरलांच्या मध्ये तारेने अडकवलेली छोटी पट्टीही नव्हती. ही पट्टी नसली की बॅरलची खालची बाजू वरच्यापेक्षा गरम राहते आणि बॅरल वेडेवाकडे फुगते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथाही मला पटत नाही. तो उजव्या बाजूला बॅरलखाली असतो आणि आवरणातल्या झडपांना उघडबंद करतो. इंजिन थंड असताना झडपा मिटलेल्या राहिल्या की तेल लवकर तापते आणि झीज कमी होते. थर्मोस्टॅट फुटला तरी तो फुगलेल्या अवस्थेतच राहतो, म्हणजे झडपा उघड्या राहतात. निकामी झाल्यावरही इंजिन वाचेल अशीच त्याची रचना आहे.

तिसऱ्या सिलिंडरविषयीही लिहायला हवे. जुन्या रचनेत तेलाचा कूलर आवरणाच्या आत, बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे, त्यामुळे त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळे. म्हणूनच कारखान्याने कित्येक डिस्ट्रिब्युटरांत (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागांत) तिसऱ्या सिलिंडरचे प्रज्वलन किंचित उशिरा ठेवले होते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र हवा दिली गेली. जुन्या इंजिनावर ही नंतरची रचना बसवता येते, फक्त आवरण, पंखा आणि कूलरचा आधार एकमेकांशी जुळणारे घ्यावे लागतात. खर्चाच्या मानाने याहून उपयुक्त बदल मला माहीत नाही.

हेड बाकावर असतानाच आणखी एक काम उरकून घ्यावे. ओतकामात राहिलेला धातूचा पापुद्रा हेडाच्या काही पंखांमधल्या फटी बुजवून टाकतो, विशेषतः स्पार्क प्लगच्या आसपास. हेड उजेडासमोर धरले की कोणत्या फटीतून उजेड येत नाही ते लगेच दिसते. बारीक कानस किंवा हाताने फिरवलेल्या ड्रिलच्या पात्याने तो पापुद्रा काढता येतो. हे काम कंटाळवाणे असले तरी एक संध्याकाळ घालवण्याजोगे आहे.

तेलाविषयी एवढेच सांगतो की मूळ इंजिनात ते फक्त अडीच लिटर असते आणि कागदी फिल्टर नसतो, फक्त तळाला जाळी असते. त्यामुळे तेल ५,००० किलोमीटरच्या आत बदलावे आणि शक्य असल्यास पंपापासून बाहेरच्या फिल्टरकडे जाणारी वाट करून घ्यावी. इंजिन तापते म्हणून फार घट्ट तेल घालू नये. घट्ट तेलाने दाब वाढला की दाबाची झडप उघडते आणि तेल कूलरमध्ये न जाताच परत फिरते, म्हणजे उपाय उलटा पडतो.

ब्रेक, सस्पेंशन, फायबर आणि इंजिनाचा आकार यांवर जाणकारांनी लिहावे.

राळ_आणि_कापड

लेख उत्तम आहे. बॉडीच्या कामाचा मला अनुभव आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

जुन्या बग्गीच्या बॉडीवर दोन प्रकारचे तडे असतात आणि दोन्हींचा उपचार वेगळा आहे. जेलकोटमध्ये, म्हणजे बॉडीच्या बाहेरच्या चकचकीत थरात, चांदणीसारखे पसरलेले बारीक तडे बहुधा आतल्या बाजूने बसलेल्या धक्क्याचे किंवा बोल्ट अति आवळल्याचे असतात. त्यांच्याखालचे काचतंतूचे कापड शाबूत असेल तर जेलकोट खरवडून पुन्हा भरला की भागते. मात्र बोट दाबल्यावर तडा उघडमीट करत असेल, तर खालचे कापडच फाटलेले आहे. अशा तड्यावर पुट्टी भरून रंग दिला तर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर तो पुन्हा डोके वर काढतो.

फाटलेल्या जागेची दुरुस्ती आतल्या बाजूने सुरू करावी. तड्याच्या दोन्ही अंगांना जाडी हळूहळू कमी होत जाईल असा लांब उतार घासावा. उताराची लांबी जाडीच्या दहा-बारा पट असावी. आखूड उतारावर चिकटवलेले ठिगळ कडेपासून सुटते. मग कापडाचे थर क्रमाने आकार बदलत बसवावेत आणि प्रत्येक थरातली हवा दातेरी रोलरने काढावी. मूळ बॉडी पॉलिएस्टर राळेची असते. तिच्यावर इपॉक्सी चांगली चिकटते, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणून इपॉक्सी वापरायची असेल तर दुरुस्ती शेवटपर्यंत तिनेच करावी.

पॉलिएस्टर राळेत घालायचा पेरॉक्साइडचा कॅटॅलिस्ट सहसा एक ते दोन टक्के लागतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून तो जास्त घातला तर राळ तापून ठिसूळ होते. तो डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, त्यामुळे चष्म्याशिवाय बाटली उघडू नये. कोबाल्टचा ॲक्सिलरेटर वेगळा आणला असेल तर तो आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, कारण त्याने स्फोट होतो. ॲक्सिलरेटर आधी राळेत पूर्ण ढवळून घ्यावा आणि मगच कॅटॅलिस्ट घालावा. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी चांगला मास्क आणि बंद गळ्याचे कपडे हवेतच.

बॉडी चासीवर परत बसवताना मध्ये रबराची पट्टी घालावी आणि प्रत्येक बोल्टखाली रुंद वॉशर ठेवावा. रोल बार आणि आसनपट्ट्यांचे बोल्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत नुसत्या फायबरमध्ये घेऊ नयेत, ते चासीच्या पोलादापर्यंत पोचलेच पाहिजेत. फायबर ओढला गेला की फाटतो आणि पट्टा त्याच्यासकट निघून येतो.

चौथा_गिअर

हवेविषयीचे सगळे मान्य आहे, पण 'ताकद शेवटी' हे मला पूर्ण पटत नाही. इंजिन एकदा उघडले, केस (इंजिनाचे बाहेरचे कवच) दोन भागांत वेगळी झाली, की त्याच वेळी ९०.५ मिलिमीटरचे पिस्टन घालणे शहाणपणाचे आहे. मूळ ६९ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर त्याने १७७६ सीसी होतात, क्रँकशाफ्ट बदलावा लागत नाही, आणि नीट जुळवलेले असे इंजिन वर्षानुवर्षे चालते. नंतर पुन्हा सगळे उघडण्यापेक्षा एकदाच काम केलेले बरे. माझ्या बग्गीत हेच इंजिन आहे आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ते जे ओढते, ते मूळ १६०० मध्ये मिळत नाही.

केस आणि हेड दोन्हींना मशीनिंग लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ते टाळण्यासाठी जुन्याच भोकात बसणारे ८८ मिलिमीटरचे बॅरल घेणाऱ्यांना मी परावृत्त करीन. त्यांची भिंत इतकी पातळ असते की तापल्यावर ती गोल राहत नाही.

टॉर्कपाना (धागालेखक)

'चौथा_गिअर' यांचे म्हणणे रास्त आहे आणि ८८ च्या बॅरलविषयी पूर्ण सहमती. केस उघडलेलीच असेल तर १७७६ चा पर्याय मीही वाईट म्हणणार नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. तळाचे इंजिन शाबूत असताना, केवळ ताकदीसाठी ते उघडायचे आणि ब्रेक तसेच ठेवायचे, हे मला धोक्याचे वाटते.

केस उघडायची की नाही हे ठरवण्याची एक सोपी कसोटी आहे. इंजिन गाडीतच असताना क्रँकची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढावी. खट्ट असा स्पष्ट आवाज येऊन ती सरकत असेल तर डायल गेज लावून मोजावे. ही हालचाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी, ०.१५ ही मर्यादा आहे. नुसती वाढलेली असेल तर फ्लायव्हीलमागचे तीन शिम (पातळ चकत्या) बदलून ती आणता येते. पण मुख्य बेअरिंग केसमध्ये ठोकून सैल झाले असेल, तर शिमने काही साधत नाही. तेव्हा केस उघडून बेअरिंगची जागा रेषेत घ्यावी लागते आणि मग तुमचा सल्ला लागू पडतो.

मॅग्नेशियमच्या केसमध्ये हेडाचे स्टड ओढले जाऊन आटे निघतात, तेही त्याच वेळी पाहावे. पोलादी बुश घातलेले नसतील तर घालून घ्यावेत, मोठ्या पिस्टनसाठी तर अवश्य. आणि हेड आवळताना आकडा पाळावा. १० मिलिमीटरच्या स्टडला साधारण ३२ न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या स्टडला २५. हाताच्या अंदाजाने जास्त आवळणे हेच आटे निघण्याचे मोठे कारण आहे.

लोखंडकाम

सस्पेंशन आणि ब्रेक हा विषय माझ्या आवडीचा आहे.

बीटलच्या मागच्या टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या, बीटलच्या वजनासाठी बनवलेल्या आहेत. त्यांवर हलकी बॉडी आली की गाडीचा मागचा भाग उंच उभा राहतो. जुन्या स्विंग ॲक्सलच्या चासीत ही नुसती दिसण्याची बाब नाही. त्या रचनेत चाक खाली गेले की त्याची खालची बाजू आत झुकते. वळणावर बाहेरच्या चाकाने अंग असे आत घेतले की गाडीची मागची बाजू अचानक वर उचलली जाते आणि पकड सुटते. म्हणून बॉडी, इंजिन आणि आसने बसवून गाडी पूर्ण वजनाची झाल्यावर मागची उंची जुळवावी.

टॉर्शन बारला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. आतला एक दाता म्हणजे ९ अंश आणि बाहेरचा एक दाता म्हणजे सुमारे ८ अंश १० मिनिटे. आतून एक दाता एका दिशेने आणि बाहेरून एक दाता उलट दिशेने फिरवला की फक्त ५० मिनिटांचा फरक पडतो. कारखान्याने दिलेली ही बारीक जुळवणीची सोय इतकी सुंदर आहे की तिच्यासाठी वेगळे सुटे भाग विकत घेण्याची गरज पडत नाही. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचा कोन मोजून लिहून ठेवावा. स्प्रिंग प्लेट खालच्या आधारावरून सोडवताना तिच्यात बराच ताण असतो. तिला जॅकचा आधार द्यावा आणि बोटे मध्ये ठेवू नयेत.

१९६९ पासून अमेरिकी बाजारातल्या बीटलमध्ये मागे दोन-दोन सांध्यांचे स्वतंत्र सस्पेंशन आले. त्यात चाकाचा झुकाव फारसा बदलत नाही. चासी निवडण्याची मुभा असेल तर मी तीच निवडीन. पण हातातली चांगली स्विंग ॲक्सल चासी केवळ त्यासाठी फेकून देऊ नये. चाकाची खाली जाण्याची मर्यादा आखणारे पट्टे आणि योग्य उंची यांनी ती चांगली वागते.

ब्रेकच्या बाबतीत लोक लगेच पुढे डिस्क लावतात, त्यावर जरा थांबून विचार व्हावा. बग्गीचे नाक फार हलके असते. पुढची पकड वाढवली की ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी जाम होतात आणि स्टिअरिंग निरुपयोगी होते. नीट जुळवलेले, तेल न गळणारे, गोल घेतलेले ड्रम बग्गीच्या वजनाला पुरेसे आहेत. डिस्क लावायचीच असेल तर पुढच्या-मागच्या दाबाचा तोल मोकळ्या जागेत तपासून घ्यावा. सर्वांत आधी मात्र जुना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर काढून दुहेरी सर्किटचा लावावा. जुन्या रचनेत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांत सुमारे १ मिलिमीटर फट ठेवावी, नाहीतर ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे बाटली उघडून वर्षभर ठेवलेले वापरू नये.

मागच्या ड्रमचा ३६ मिलिमीटरचा नट साधारण ३०० न्यूटन-मीटर मागतो. तो आवळल्यावर कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून भोक जुळवावे, मागे सोडू नये. हा नट सैल राहिला की ड्रमचे आतले दाते झिजतात आणि एके दिवशी ॲक्सल नुसताच फिरतो.

नवशिका

सर्वांचे आभार, प्रत्येक ओळ उपयोगी आहे. मीही अशीच एक गाडी घेतली आहे. तिचे दिवे मंद लागतात आणि इंडिकेटर लावला की हेडलाइटही लुकलुकतात. बॅटरी नवी आहे, बल्ब नवे आहेत. पूर्ण वायरिंग बदलावी लागेल का?

तारजोड

बहुधा नाही. तुमच्या लक्षणांवरून अर्थिंगचा दोष दिसतो. बीटलमध्ये पोलादी बॉडीच परतीची वाट असते, म्हणून प्रत्येक दिव्याला एकच तार दिसते. तीच वायरिंग फायबरच्या बॉडीत घातली की परतीची वाटच उरत नाही, आणि करंट दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा शिरून कुठून तरी चासी गाठतो. लुकलुकण्याचे कारण तेच. प्रत्येक दिव्यापासून आणि प्रत्येक मीटरपासून वेगळी अर्थची तार काढावी. पुढच्या तारा एका तांब्याच्या पट्टीवर, मागच्या दुसऱ्या पट्टीवर एकत्र कराव्यात आणि दोन्ही पट्ट्या जाड तारेने चासीला जोडाव्यात. चासीवरची जागा रंग खरवडून उघडी करावी आणि बोल्ट आवळल्यावर तिच्यावर ग्रीस लावावे. गिअरबॉक्स रबरी माउंटवर असतो, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी विणलेली पट्टी आहे की नाही तेही पाहावे. ती नसेल तर स्टार्टर आळसावतो, आणि त्याचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढून ती जाळतो.

गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, हे तपासले का? सहा व्होल्टची असून नंतर बाराची केली असेल तर फ्लायव्हीलचे दातेही मोजावेत. जुन्याला १०९ आणि नंतरच्याला १३० असतात. स्टार्टर त्याच्याशी जुळणाराच हवा.

लोखंडकाम

'तारजोड' यांनी विणलेल्या पट्टीचा उल्लेख केला ते फार बरे झाले. ॲक्सिलरेटरची केबल तापून अर्ध्यात अडकलेली मी पाहिली आहे, आणि दोष मात्र सगळे कार्ब्युरेटरमध्ये शोधत होते.

टॉर्कपाना (धागालेखक)

आगीविषयी लिहायचे राहिले होते. इंधनाची नळी बोगद्यातून मागे येते आणि गिअरबॉक्सपाशी पोलादी नळीवरून रबरी नळीवर जाते. तिथला रबरी तुकडा कोणाच्याच नजरेला पडत नाही, म्हणून तो सर्वांत जुना असतो. बाहेरून विणलेले कापड असलेल्या जुन्या पद्धतीच्या नळ्यांत आतले रबर तडकलेले दिसत नाही. सगळे तुकडे एकाच वेळी बदलावेत, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारी नळी घ्यावी आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावावी. काचेचा किंवा प्लास्टिकचा इंधन फिल्टर इंजिनावर, डिस्ट्रिब्युटरच्या वर लटकवू नये. त्याच्या वजनाने नळी सुटते आणि पेट्रोल नेमके ठिणगीवर पडते. फिल्टर गिअरबॉक्सजवळ, इंजिनाच्या पुढे ठेवावा.

इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. पेट्रोलची आग पहिल्या काही क्षणांतच विझवली तर केस वाचते. केसनेच पेट घेतला तर पाणी मारू नये, कारण जळते मॅग्नेशियम पाण्याने अधिक भडकते. म्हणून पेट्रोलची आग पहिल्याच क्षणी विझवण्यासाठी पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी पोलादी पट्टीने बसवलेला असावा. आसनामागे सामानाखाली ठेवलेल्याचा उपयोग नाही.

चौथा_गिअर

क्रमाबाबतचा माझा आग्रह मी मागे घेतो. ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या आधी, हे मान्य. डिस्ट्रिब्युटरविषयी मात्र एक भर घालतो. बग्गीवर सर्रास दिसणारा '००९' हा फक्त वेगावर चालणारा डिस्ट्रिब्युटर एका कार्ब्युरेटरच्या इंजिनावर चांगला नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन क्षणभर गुदमरते आणि लोक त्यासाठी जेट बदलत बसतात. व्हॅक्यूमवर आगाऊ होणारा मूळ डिस्ट्रिब्युटर लावला की तो गुदमर बहुतांशी जातो, मंद वेगात इंधनही कमी लागते. पॉइंटऐवजी (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमीट करणाऱ्या संपर्कांऐवजी) आतल्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावणे हा चांगला बदल आहे, फक्त इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नये, त्याने काही मॉड्यूल जळतात.

राळ_आणि_कापड

एक विचारतो. इतके सगळे करायचे, तर सरळ विजेची मोटर का बसवू नये? आखूड चासी, हलकी बॉडी, गिअरबॉक्स तयार आहे.

टॉर्कपाना (धागालेखक)

तसे रूपांतर करणारे लोक आहेत आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या ॲडॅप्टर प्लेटही मिळतात. उघड्या गाडीत बॅटरीला पाणी, धूळ आणि धक्के यांपासून जपणे आणि तिचे वजन दोन आसांच्या मध्ये ठेवणे, हे त्यातले खरे अवघड काम. मी हे इंजिनच ठेवणार आहे, कारण मला ते उघडता येते, समजते आणि त्याचा आवाज आवडतो. विजेच्या कामासाठी स्वतंत्र धागा काढलात तर मी अवश्य वाचीन.

नवशिका

अर्थच्या तारा घातल्यावर दिवे व्यवस्थित लागले. 'तारजोड' यांचे मनापासून आभार. आता नव्याने जुळवलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करायचे आहे. काय काळजी घ्यावी?

टॉर्कपाना (धागालेखक)

अभिनंदन. सुरू करण्याआधी व्हाल्वची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर ठेवा. पॉइंट असतील तर त्यांची फट ०.४ मिलिमीटर. प्रज्वलनाचा क्रम १-४-३-२ आहे. एक व दोन उजवीकडे, तीन व चार डावीकडे, आणि एक व तीन हे गाडीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे फ्लायव्हीलकडे असतात. तारा उलटसुलट लागण्याचे प्रकार इथेच होतात.

स्पार्क प्लग काढून ठेवा आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा. दिवा विझत नसेल तर सुरू करण्याची घाई करू नका. पंपाच्या दात्यांना बसवताना व्हॅसलीन लावले नसेल तर कोरडा पंप तेल ओढत नाही. प्लग परत बसवताना आटे हाताने पकडू द्या, पान्याने सुरुवात करू नका, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे.

कॅमशाफ्ट नवा असेल तर इंजिन सुरू होताच ते मंद फिरू देऊ नका. वीस मिनिटे २,००० च्या आसपास, थोडे वरखाली करत चालवा, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांना नीट बसतात. या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त-फॉस्फरसचे प्रमाण चांगले असलेले तेल लागते, आजच्या गाड्यांच्या बऱ्याच तेलांत ते कमी असते. या काळात पंख्याचा पट्टा तुटला तर ताबडतोब इंजिन बंद करा. इथे पट्टा फक्त चार्जिंगचा नाही, थंड हवाही त्याच्यावरच अवलंबून आहे. म्हणून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा चालू स्थितीत असणे अत्यावश्यक आहे. पट्टा गेल्याची पहिली खबर तोच देतो.

त्यानंतर तेल गरम असतानाच काढून टाका, जाळी धुवा आणि जाळीवर काय सापडते ते उजेडात पाहा. चमकणारी बारीक भुकटी थोडी असली तर चिंता नाही, पत्र्यासारखे तुकडे दिसले तर थांबा आणि इथे छायाचित्र टाका. थंड झाल्यावर व्हाल्वची फट पुन्हा तपासा. तेलाचे तापमान दाखवणारा मीटर लावला असेल तर रस्त्यावर ते ८० ते ११० अंशांच्या दरम्यान राहावे. १२० च्या वर जाऊ लागले तर आधी आवरणाची ती दोन तोंडे आणि खालचे पत्रे पाहा, मग प्रज्वलनाची वेळ, मग कार्ब्युरेटर, याच क्रमाने.

नवशिका

आवरणाचे एका बाजूचेच तोंड बंद होते. आज दुसरे बंद केले आणि खालचे पत्रेही मागवले आहेत. ते बसल्यावर इंजिन सुरू करून तापमानाचे आकडे इथे लिहितो.